आरशावरची चौदा नंबर

मुलुंडला असताना दोन वर्षं माझं कपाळ नोकरीला होतं. असं सांगितलं की गावाकडच्या बायका आधी एकमेकींकडे बघतात, मग एखादी हळूच विचारते, "म्हंजे नक्की काय करायचीस गो?" दरवेळी पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आला, म्हणून एकदा लिहूनच काढते.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. चिकटवायची टिकली तेव्हा नवी होती. त्याआधी करंडा, मेण, कुंकू आणि बोट, आणि दुपारपर्यंत घामाने ते नाकाच्या शेंड्यावर उतरलेलं. नाहीतर बाटलीतलं गंध. मग ही मखमलीची टिकली आली, मागे गोंद लावलेली. पाकिटातून काढायची, लावायची आणि चालू पडायचं. ऑफिसला जाणाऱ्या बायका तिच्यावर तुटून पडल्या. आमच्या बाईंनी मुलुंडला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत गाळा घेतला होता. तिथे आम्ही नऊ जणी टिकल्या करायचो. कापडाला गोंद फासायचा, वाळवायचं, पंच मारून गोल पाडायचे, कार्डावर चिकटवायचे, पाकिटात भरायचे.

मी राजापूरच्या आतल्या गावची. सहावीपर्यंत शिकले. सातवीची शाळा वहाळापलीकडे होती आणि त्या पावसाळ्यात ओढ्यावरचा लाकडी साकव वाहून गेला. गावाने तो परत बांधला तोवर माझं लग्न ठरलं होतं. आमचे हे गिरणीत होते. गिरणी बंद पडली ती उघडायचं नाव घेईना, तेव्हा "लावणी आटपून येतो" म्हणून गावी गेले आणि सासऱ्यांच्या दुखण्यात तिथेच अडकले. मग मुंबईत कमावणारी मी एकटी उरले. माझी मनिऑर्डर पोचली की गावच्या घरात तेल, साखर आणि सासऱ्यांचं औषध यायचं. ती नोकरी गेली असती तर मला ट्रंक उचलून एस.टी. धरायची होती, दुसरा रस्ताच नव्हता. हे मला दिवसातून चार वेळा आठवायचं.

ही नोकरी मला मिळवून दिली ती मावशीने. माझी सख्खी मावशी नव्हे, गाळ्यातल्या सगळ्याच तिला मावशी म्हणायच्या. मालवणकडची, पन्नाशीची, पंचावर बसणारी, तोंडाने तिखट. बाईंसमोर मला उभं करून म्हणाली होती, "पोरगी गरीब आसा. घाबरट आसा, पण अक्षर बघा हिचा, छापल्यासारखा." त्या अक्षरावर मला काम मिळालं. मी गोंदाला आणि पंचाला हात लावला नाही असं नाही, पण माझं खरं काम होतं कपाळवही.

कपाळवही म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यातूनच झाला.

बाई गोंद आणायच्या मशीद बंदरच्या एका डीलरकडून. त्याच्याकडे गोंदाचे पंचवीसएक प्रकार होते, डब्यांवर नंबर टाकलेले. एक ते पंचवीस. कुठल्याने खाज सुटते, कुठला घामाने सुटतो, कुठला कपाळावर पांढरा डाग पाडतो, हे डीलरला ठाऊक नव्हतं. तो गोंद चपलांना आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांना विकायचा. कपाळाचं कपाळालाच कळणार. म्हणून बाई दर सोमवारी सकाळी आम्हाला ओळीत उभ्या करायच्या आणि प्रत्येकीच्या कपाळावर स्वतःच्या हाताने एक टिकली लावायच्या. कुणाला सात नंबर, कुणाला आठ. तीच टिकली शनिवारपर्यंत वापरायची. घरी काढून ठेवली तरी सकाळी तीच लावून यायचं. मी वहीत रोज लिहायचं: खाज, डाग, पकड. शनिवारी पास की नापास. पास झाली तर पुढच्या आठवड्यात तोच नंबर दुसऱ्या कपाळावर. दोन कपाळांनी पास केला तरच तो गोंद पास.

बाईंचं सगळं गुपित ते एवढंच होतं. गोंद कुणालाही मिळत होता. कुठल्या नंबरचा घ्यायचा हे फक्त आमच्या नऊ कपाळांना माहीत होतं. घाटकोपरला एका शेठने तसलीच कंपनी काढली होती आणि त्याच्या टिकल्या दुपारी जेवताना ताटात पडायच्या, असं ऐकू यायचं. बाईंनी आम्हाला ताकीद दिली होती, "नंबर बाहेर बोलायचा नाही. नवऱ्याशी नाही, शेजारणीशी नाही, देवाशीसुद्धा नाही."

मी बोलले नाही. शपथ घेऊन सांगते, कधी एक शब्द बोलले नाही.

मी राहायचे एका सोसायटीत, काका-काकूंकडे. काका सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, काकू भजनी मंडळात. परळच्या खोलीत दीर-जाऊ आणि त्यांची पाच मुलं, तिथे मला पाय पसरायला जागा नव्हती. काकूंनी स्वैपाकघरात अंथरूण टाकू दिलं. भाडं थोडकं, आणि संध्याकाळच्या पोळ्या मी लाटायच्या. एवढ्या मोठ्या शहरात कुणी तरी आपल्याला घरात घेतं, किल्ली देतं, "उशीर झाला तर जिन्यातला दिवा मी लावून ठेवते" म्हणतं, याचं मला इतकं वाटायचं की पहिले सहा महिने मी त्यांच्या घरात पाणीसुद्धा विचारून प्यायचे.

संध्याकाळी गाळ्यातून आले की पहिलं काम, बेसिनशी जाऊन टिकली काढायची. कंपनीची टिकली, पोळ्यांच्या वाफेने बिघडली तर शनिवारी बाईंना काय तोंड दाखवायचं? मी ती बेसिनवरच्या आरशाला चिकटवायचे आणि देवाला दिवा लावताना करंड्यातलं कुंकू लावायचे. आता टिकली आरशाला चिकटवणं ही काही माझी अक्कल नव्हे. सगळ्याच बायका तेच करतात. पण मला भीती, उद्या सकाळी घाईत चुकून दुसरीच टिकली लावली तर? काकूंच्याही दोन-तीन आरशावर असायच्या. म्हणून मी आमच्या टिकलीखाली कागदाचा कपटा लावून त्यावर नीट अक्षरात नंबर लिहायचे. आणि दुसऱ्या दिवशी वहीत काय लिहायचं ते विसरू नये म्हणून तेही. "चौदा नंबर. तिसरा दिवस. खाज नाही, डाग नाही. घाम आला तरी हलली नाही."

बोलायचं नाही म्हणाल्या होत्या. मी फक्त लिहायचे.

पहिल्यांदा टिकली गायब झाली ती नऊ नंबरची. शुक्रवारी सकाळी बघते तर आरशावर कपटा आहे, टिकली नाही. बेसिन बघितलं, मोरी बघितली, काकांच्या दाढीच्या मगमध्ये बोट घातलं. नाही. रडकुंडीला येऊन गाळ्यात गेले. बाई म्हणाल्या, "अगं, मग पडली असेल. आरशावरून पडते ती कपाळावर काय टिकणार? लिही, पडली. नापास." मी लिहिलं. हिशेब बरोबर वाटला. नंतर चौदा पडली, त्यानंतर सतरा पडली. मी प्रामाणिकपणे लिहीत गेले: पडली, पडली. जी खाजायची, डाग पाडायची ती मात्र आरशावर शनिवारपर्यंत घट्ट बसून असायची. मला वाटायचं, बाभळीला काटे आणि फणसाला चीक, देवाने नको तेच चिकट करून ठेवलंय.

अशी सगळी नापास होता होता शेवटी नाइलाजाने अकरा नंबर पास झाला. अकरा म्हणजे वाईट नव्हे, पण चांगलाही नव्हे. दोन दिवस धरायचा, तिसऱ्या दिवशी कडेने उचलायचा. बाईंनी अकराचं पिंप आणलं आणि आमची पाकिटं दुकानात गेली.

दोन महिन्यांनी एका सोमवारी बाई गाळ्यात आल्या त्या ओळीत उभं राहायला न सांगताच. टेबलावर एक गुलाबी पाकीट आपटलं. घाटकोपरच्या शेठचं.

"ही टिकली मी बुधवारी लावली," बाई म्हणाल्या. "आज सोमवार. मी आंघोळ केली, डोक्यावरून केली. बघा." आणि मान पुढे केली. टिकली जागेवर. जराही उचललेली नाही.

आम्ही सगळ्या एकेक करून बघून आलो, दर्शनाला जावं तशा.

"मी डीलरकडे गेले होते. म्हटलं, काय घेतो हो तो? डीलर म्हणाला, बाई, त्यांनी चौदा नंबरची दोन पिंपं उचलली. येऊन नंबरच सांगितला, वास घेऊन बघितलं नाही, भाव केला नाही." बाई खुर्चीवर बसल्या. "त्याच्याकडे नऊ कपाळं नाहीत. त्याला चौदा कसं कळलं? आपल्यातलं कुणीतरी फुटलंय."

  मला रडू फुटलं, पण बाईंनी नुसतं "जरा इकडे ये" म्हटलं तरी मला रडू फुटायचं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाईंचे मोठे दीर तपासाला येऊन बसले. बाई त्यांना भाऊजी म्हणायच्या, म्हणून आम्हीही. पोलिसातून रिटायर झालेले. मिशा, काठी, खिशात डायरी. दारात स्टूल टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पिशव्या उघडून बघायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी भाषण केलं.

"लक्षात ठेवा. गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी परत येतोच."

"भाऊजी, आमी सगळी रोज साडेआठाक परत येतंव," मावशी म्हणाली. "हजेरी लागता ना!"

भाऊजींनी डायरीत तिचं नाव लिहिलं.

मग आठवडाभर एकेकीला पार्टिशनमागे बोलावून चौकशी. मला विचारलं, "घरी कोण कोण?" मी सांगितलं. "परक्या माणसाशी बोलतेस?" म्हटलं, "नाही." "कधीच?" माझा धीर सुटला. म्हटलं, "एकदा एका बाईला स्टेशनचा रस्ता सांगितला. आणि एकदा कंडक्टरने सुट्टे मागितले. आणि मी नापास मालाची दोन पाकिटं काकूंना दिली, पण बाईंना विचारून दिली." भाऊजींनी डायरी मिटली. मग म्हणाले, "जा. तुझ्याच्याने होण्यासारखं काम नाही हे."

बाहेर आल्यावर मावशी कुजबुजली, "ह्यो पोलिसात खंय होतो, म्हायती आसा? बॅण्डात. पोलीस बॅण्डात! पिपाणी वाजवी होतो. आमच्या शेजाऱ्यान बघितल्यान हा परेडीक."

आम्ही तोंडात पदर घालून हसलो. पण दोन दिवसांनी हसू गेलं.

भाऊजींनी कपाळवही मागून घेतली. चौदा नंबरचं पान काढलं. चौदा आधी मावशीच्या कपाळावर होती: खाज नाही, डाग नाही, पकड उत्तम, पास. मग माझ्या कपाळावर: गुरुवारपर्यंत ठीक, शुक्रवारी पडली, नापास. भाऊजींनी बाईंना समजावलं ते पार्टिशनच्या अलीकडे आम्हाला सगळं ऐकू आलं.

"ही बघ. या अक्षरवालीला चौदा वाईट वाटली. वाईट माल कुणी विकायला जाईल का? ही सुटली. चौदा चांगली आहे हे अख्ख्या गाळ्यात एकीलाच माहीत होतं. पंचवाली. आणि तिची बहीण कुठे काम करते विचार."

मावशीची बहीण घाटकोपरला त्याच शेठकडे पाकिटं भरायची. हे काही गुपित नव्हतं, मावशीच दर सोमवारी त्या कंपनीच्या गमती आम्हाला सांगायची.

बाई बाहेर आल्या त्यांचे डोळे लाल होते. मावशी त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होती. म्हणाल्या, "शनिवारी हिशेब करू. तोवर तुला काही सांगायचं असेल तर सांग."

"माका काय सांगूचा नाय," मावशी म्हणाली. "माझ्या भयणीक भाकरेचा पीठ कितकां घालूचा ता अजून कळणा नाय, ती नंबर पळवतली?" आणि पंचावर जाऊन बसली. त्या दिवशी तिने एवढ्या जोरात पंच मारले की दुपारपर्यंत तीन दिवसांच्या टिकल्या पडल्या.

गुरुवार होता. संध्याकाळी घरी आले, टिकली काढून आरशाला लावली. एकोणीस नंबर. कपट्यावर लिहिलं, "चौथा दिवस. खाज सुटते." आणि पोळ्या लाटायला बसले. दाराशी काकू भजनाला निघाल्या होत्या. नऊवारी नेसलेली, हातात टाळ. बेसिनशी थांबल्या, चष्मा लावला आणि माझा कपटा मोठ्याने वाचला.

"काय गं, एकोणीसला खाज सुटते म्हणतेस? मग आज मला काय?"

माझ्या हातात लाटणं तसंच राहिलं. "काकू, तुम्ही... ती लावता?"

"अगं, तू लिहिलेलं असतं ना चांगलं! बरं लिहिलेलं असलं की घेते गुरुवारी. भजनात मान हलवून हलवून त्या पाकिटातल्या उडतात. ती नऊ नंबर छान होती, मंडळातल्या एकीने मागून नेली. आणि चौदा तर काय विचारू नकोस, अख्खं मंडळ बघत होतं. ती घाटकोपरची शेठाणी येते ना सोसायटीत माहेरी, तिने तर हात जोडले. दिली बिचारीला काढून. म्हटलं नंबर चौदा हो, आमची मुलगी अगदी तपासून लिहून ठेवते."

तव्यावरची पोळी जळली.

"वास कसला येतोय?" म्हणून काकू आत डोकावल्या. "अगं, रडतेस काय? चुकलं का माझं काही? माझ्याच घरच्या आरशावरची टिकली मी लावायची नाही?"

त्यांना काय सांगू? त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. कुठल्या घरात आरशावरच्या टिकलीला मालक असतो? म्हटलं, "नाही काकू, चटका बसला." त्या साध्या कुंकवाची चिरी ओढून भजनाला गेल्या आणि मी ओट्याशी बसून विचार केला. घाटकोपरच्या शेठला कुणाला फोडावंच लागलं नव्हतं. मी आठवड्याला एक याप्रमाणे कंपनीची सगळी परीक्षा आरशावर मांडून ठेवली होती, वर शेरे मारून. चांगल्या टिकल्या काकू नेत होत्या आणि मी त्यांना नापास करत होते. आणि माझ्या "पडली"मुळे मी सुटले होते आणि मावशी अडकली होती.

सांगितलं तर नोकरी जाणार हे नक्की. नाही सांगितलं तर मावशीची जाणार. मी दोन्ही बाजूंनी विचार केला, पण खोटं नाही बोलत, एका बाजूने जरा जास्तच केला. म्हटलं, मावशीला बहीण आहे, ती घाटकोपरला लावून देईल. मला कोण आहे? मग आठवलं, बाईंसमोर उभं करून "अक्षर बघा हिचा" म्हणणारी कोण होती. शुक्रवारी सकाळी मी इनलँड घेतलं आणि ह्यांना लिहिलं, "नोकरी सुटली. सामान न्यायला यावे. ट्रंक जड आहे." सुटायची होती अजून, पण आधीच लिहिलं. पत्र पेटीत पडलं की मग मला माघार घेता येणार नाही, असा विचार.

शनिवारी दुपारी काम आटपल्यावर भाऊजी काठी टेकून उभे राहिले. "तर, तपास पूर्ण झालेला आहे," त्यांनी सुरुवात केली.

"मी केलं," मी म्हणाले.

"तू थांब. तर या प्रकरणात पंचावर बसणारी..."

"भाऊजी, मी केलं. चौदा नंबर माझ्याकडून गेला."

"तुझ्याच्याने होण्यासारखं काम नाही म्हणून मी सांगितलं ना एकदा!" भाऊजी चिडले. दोन आठवड्यांची मेहनत होती त्यांची. "बस खाली."

मी बसले नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आरसा, कपटे, काकू, भजन, शेठाणी. मध्येच रडले, मध्येच पदराने नाक पुसलं. "बाई, तुम्ही बोलू नको म्हणालात, मी बोलले नाही," एवढं तीनदा म्हणाले. शेवटी म्हटलं, "मावशीचं काही नाही यात. मी आजच जाते. गावी पत्रसुद्धा टाकलंय."

मावशी पंचावरून उठून आली. मला वाटलं आता कानाखाली बसणार. तिने माझ्याकडे बघितलं, मग भाऊजींकडे बघितलं आणि म्हणाली, "वाजवा आता पिपाणी."

बाईंनी हात पुढे केला. मग म्हणाल्या, "वही दे."

मी वही दिली. वाटलं, फाडणार. त्यांनी पेन्सिल घेतली आणि पानं उलटायला लागल्या. "तुझ्या कपाळावर किती नंबर पडले?"

"तीन."

"नऊ, चौदा, सतरा. म्हणजे तुझ्या काकूंनी चांगल्या शेऱ्याच्या तीनच नेल्या." बाई ताठ बसल्या. "नऊ शेठाणीला दिली?"

"ती मंडळातल्या दुसऱ्या बाईंना. चौदा शेठाणीला."

"आणि सतरा?"

सतराचं काय झालं ते काकू बोलल्याच नव्हत्या. बाईंनी पर्स उचलली. "चल. मला घर दाखव."

वाटेत त्या माझ्या दोन पावलं पुढेच चालत होत्या. पण कोपऱ्यावर थांबून त्यांनी एक खण आणि नारळ घेतला, म्हणजे भांडायला निघाल्या नव्हत्या हे मला कळलं. तरी जिना चढताना मी मोजत होते. एका पायरीवर नोकरी, दुसऱ्या पायरीवर अंथरूण, आज दोन्ही जाणार.

काकूंनी दार उघडलं. बाईंनी नमस्कार केला आणि वर बघतात तो थांबल्याच. इतक्या पुढे वाकल्या की काकू एक पाऊल मागे सरल्या.

"ही टिकली कुठली?" बाईंनी विचारलं.

"ही?" काकूंनी कपाळाला हात लावला. "ही सतरा. आमच्या हिचीच. ही मी कुणाला दिली नाही हो, शेठाणीने विचारलं तरी नाही सांगितलं. चांगली वस्तू सगळीच का वाटायची? तीन महिने झाले, तीच लावतेय, फक्त भजनाला नाही, तिथे सगळ्या मागतात."

"तीन महिने?"

"रात्री काढते, सकाळी लावते. मध्ये ताप आला होता मला, तेव्हासुद्धा हलली नाही. यांनाच विचारा."

काकांनी वर्तमानपत्रामागून मान हलवली. बाई मटकन खुर्चीवर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. काकूंना काही कळेना, त्या मला म्हणाल्या, "पाणी दे गं त्यांना. ऊन लागलंय."

चहा झाला. बाईंनी काकूंची खणा-नारळाने ओटी भरली. निघताना मला दारात बोलावून म्हणाल्या, "सोमवारी साडेआठला ये."

मला आधी अर्थच कळला नाही. "हिशेब करायला?"

"कामाला. सतराचं पिंप आणायचंय." आणि बोट दाखवलं. "वही गाळ्यात. पेन्सिल गाळ्यात. टिकली काढायची ती गाळ्यात, डबीत घालून माझ्या टेबलावर ठेवायची. घरी एक कागद न्यायचा नाही. आणि सोमवारी आधी मावशीच्या पाया पडायचं, मग ओळीत उभं राहायचं."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "मला नको. अजून राग गेलेला नाही माझा." आणि खाली उतरल्या. महिनाभर त्या माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. पण पगार झाला, मनिऑर्डर गेली. मावशीने मात्र पाया पडल्यावर एक धपाटा घातला तो आठवडाभर दुखत होता.

बुधवारी दुपारी दारात आरडाओरडा. भाऊजी ओरडत होते, "सापडला! सापडला!" तपास संपला तरी ते यायचे राहिले नव्हते. मुख्य हेर अजून बाहेर मोकळा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी बाहेर जाऊन बघते तर आमचे हे. खांद्यावर दोरीचं वेटोळं, हातात पिशवी, आणि भाऊजींनी त्यांचं मनगट पकडलेलं.

"हा माणूस अर्धा तास समोर उभा राहून गाळा मोजतोय," भाऊजी म्हणाले. "आणि पिशवीत हे बघ." त्यांनी बाटली वर धरली. आत लालभडक दाट पाणी, वर लेबल नाही. "रंग! कसला रंग आहे बोल!"

"आगळ आहे हो, कोकमाचं," हे म्हणाले. "बाईंना आणलंय. नोकरी सुटली तरी बाईंकडे रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून..." आणि मला बघून थांबले. माझ्या अंगावर कामाचा अ‍ॅप्रन, बोटांना गोंद, कपाळावर बावीस नंबर. "तू इथंच? पत्रात तर सुटली लिहिलंस."

"सुटली होती. परत लागली."

"मग येतेस ना? ट्रंक न्यायला दोरी आणलीय मी."

"शनिवारपर्यंत ही टिकली सोडून येता येत नाही," मी म्हणाले. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण बाईंनी आतून स्टूल पाठवलं आणि चहा मागवला, तेव्हा ते बसले. बाईंनी बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि भाऊजींच्या हातात एक पेला दिला. भाऊजींनी तो संशयाने प्यायला, मग दुसरा मागितला.

चहा पिऊन हे उठले. उद्याच्या गाडीने परत जातो म्हणाले, म्हैस व्यायला झालीय. "पण मग मी ही दोरी एवढी वागवत आणली ती?"

मावशीने दोरी त्यांच्या खांद्यावरून काढून घेतली, ताणून बघितली आणि म्हणाली, "हंयच ऱ्हवांदे. गोंदाचा कापड सुकत घालूक व्हयीच होती."